पडद्याचा फोटो काढला, लघवीचे काय?

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०१९ साली ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्या मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो स्मार्टफोनवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने काढले गेले आणि त्याच फोनमधल्या संगणकीय प्रणालीने, इंटरनेटशिवाय, जागेवरच निकाल दिला. तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका पडदा बिघडलेला एकही रुग्ण तिच्या नजरेतून सुटला नाही. काही चांगल्या डोळ्यांवर तिने विनाकारण शंका घेतली, पण प्राथमिक चाळणीत तेवढे चालते. नेत्रतज्ज्ञ नसलेल्या दवाखान्यातही पडद्याची तपासणी होऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले.

मग ज्या रुग्णाच्या पडद्याचा फोटो असा काही मिनिटांत निघू शकतो, त्याच रुग्णाची लघवी त्याच सकाळी का तपासली जाऊ नये? मधुमेहींच्या आरोग्याबद्दल आज सरकारला, डॉक्टरांना आणि रुग्णांनाही विचारायला हवा असा हा प्रश्न आहे. कारण मधुमेह डोळा आणि किडनी यांच्यात भेद करत नाही. भेद आपल्या व्यवस्थेने केला आहे.

दोन्ही अवयवांचे काम अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांवर चालते. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता. डोळ्याच्या पडद्यावरही तशाच केशवाहिन्यांचे जाळे असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या वाहिन्यांचे अस्तर जाड होते, त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात आणि भिंती झिरपायला लागतात. डोळ्यात हे झिरपणे रक्ताच्या ठिपक्यांच्या आणि पिवळसर डागांच्या रूपात दिसते. मूत्रपिंडात ते दिसत नाही. तिथे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन गाळणीतून निसटून लघवीत उतरते. आजार एकच, खुणा दोन.

शरीराला कुठेही छेद न देता रक्तवाहिन्या थेट पाहता येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये तो पाहण्याचे साधन जगापुढे ठेवले. मधुमेहाने मूत्रपिंडाच्या गाळण्यांत होणाऱ्या खास बदलांचे वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी केले ते १९३६ मध्ये. म्हणजे या दोन्ही गोष्टी वैद्यकशास्त्राला नव्या नाहीत. तरीही नेत्रतज्ज्ञाच्या केसपेपरवर लघवीचा रिपोर्ट आणि मूत्रपिंडतज्ज्ञाच्या फायलीत पडद्याचा फोटो क्वचितच सापडतो.

डोळा आणि किडनी यांचे नाते नेमके कसे आहे, हे समजून घ्यायला हवे. लहान वयात होणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात किडनी बिघडली असेल तर पडद्यावरही खुणा जवळजवळ नेहमीच असतात. आपल्याकडे बहुसंख्येने आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात चित्र वेगळे आहे. किडनी बिघडलेल्या अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्या किंवा थोड्या अधिक जणांच्याच पडद्यावर खुणा दिसतात. यातून दोन गोष्टी निघतात. पडदा बिघडलेला दिसला की किडनीची तपासणी टाळता येत नाही. पण पडदा स्वच्छ आहे म्हणून किडनी ठीक आहे, असे मात्र म्हणता येत नाही. उलट, किडनी बिघडलेली आणि पडदा स्वच्छ असेल, तर डॉक्टरांना दुसरे कारणही शोधावे लागते. जुना रक्तदाब, वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या किंवा मूत्रपिंडाचा एखादा वेगळाच आजार त्यामागे असू शकतो. एका तपासणीचा अर्थ दुसरीशिवाय पुरता लागत नाही, तो असा.

शिवाय हे दोन अवयव एकमेकांचे नुकसानही वाढवतात. किडनी थकली की अंगात पाणी साठते, रक्तदाब चढतो, हिमोग्लोबिन उतरते. पडद्याच्या मध्यभागी सूज येण्यास आणि ती टिकून राहण्यास हे सगळे हातभार लावते. अशा रुग्णाच्या डोळ्यात महागडी इंजेक्शने देत राहायचे आणि रक्तदाब व लघवी यांची चौकशीच करायची नाही, हा पैशाचा आणि नजरेचा, दोहोंचा अपव्यय आहे.

आणि हे सारे चालते ते न दुखता. पडदा बराच खराब होईपर्यंत माणूस पेपर वाचत असतो, गाडी चालवत असतो. अंधूक दिसू लागले की घरचे म्हणतात नंबर वाढला असेल, नाहीतर मोतीबिंदू असेल. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो, पण त्यात पडदा तपासला जात नाही. किडनीचेही तेच. पायावर सूज आणि लघवीला फेस ही लक्षणे उशिरा येतात. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ या वाक्याने अनेक घरे निश्चिंत होतात, पण रक्तातले हे टाकाऊ द्रव्य किडनीची बरीच क्षमता गेल्यावरच सीमारेषा ओलांडते.

लवकर सांगणारी तपासणी वेगळी आहे. लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी असलेले गुणोत्तर त्यात मोजतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० ही धोक्याची पहिली पायरी. त्यापुढे आजार बळावलेला. साध्या पट्टीवर ही पहिली पायरी अनेकदा दिसतच नाही. तापात, लघवीच्या संसर्गात किंवा जोरदार व्यायामानंतर आकडा वाढू शकतो, म्हणून एका रिपोर्टवर घाबरून न जाता तपासणी पुन्हा करायची असते. सोबत क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा हवा. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदानाच्या वेळीच, पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी आणि पुढे साधारण दरवर्षी डोळा आणि किडनी दोन्ही तपासावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

भारतात हे किती जणांसाठी करायचे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले. दहा राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशात झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत १२.५ टक्के मधुमेहींचा पडदा बिघडलेला आढळला, तर ४ टक्क्यांच्या दृष्टीलाच धोका होता. दहा कोटींना हे प्रमाण लावले तर नजर धोक्यात असलेल्यांची संख्या सुमारे चाळीस लाखांवर जाते.

वेळेत सापडले तर हातात पुष्कळ काही आहे. साखर आटोक्यात ठेवल्याने डोळा आणि किडनी दोन्ही वाचतात, हे पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांवरील अमेरिका-कॅनडातील चाचणीने १९९३ मध्ये सिद्ध केले. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत रक्तदाब कडक आटोक्यात ठेवल्यास या बारीक वाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी घटतात, हे ब्रिटनमधील अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले. बिघडलेल्या पडद्यावर वेळेवर लेसर केल्यास नजर जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे तर १९७६ पासून माहीत आहे. किडनीसाठी लोसार्टनसारख्या गोळ्या २००१ पासून आधार देत आहेत. त्यांच्या जोडीला आता ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली औषधे आली आहेत. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले आणि किमती झपाट्याने उतरल्या. औषध स्वस्त झाले. ते कोणाला लागणार हे सांगणारी तपासणी मात्र अजून सवयीची झालेली नाही.

इथे सरकारी धोरणातली विसंगती टोचते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस मिळते. गरिबाला हा आधार हवाच, त्यात एका पैशाची कपात नको. पण आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास यंत्राला जोडून घेणे म्हणजे काय, हे तालुक्याहून जिल्ह्याला एसटीने येणाऱ्या रुग्णाला आणि मजुरी बुडवून सोबत येणाऱ्या त्याच्या घरच्यांना विचारावे. या टप्प्यावर सरकार मोठा खर्च करते आणि हा टप्पा लांबवणारी लघवीची तपासणी गावपातळीवर नेमाने करत नाही, हे पटणारे नाही.

दूरच्या देशाचा दाखला इथे उपयोगी आहे. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याची नियमित तपासणी देशभर राबवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी जाहीर केले की, इंग्लंड आणि वेल्समध्ये कामकरी वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचा पडदाविकार किमान पाच दशकांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आला. बोलावणे, फोटो आणि पाठपुरावा या तिन्हींची साखळी नेमाने चालवण्याचा त्यात मोठा वाटा मानला जातो. मात्र त्याच देशात मधुमेहींच्या वार्षिक तपासण्यांपैकी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी सर्वाधिक राहून जाते. डोळ्यासाठी बोलावणे येते, लघवीची बाटली विसरली जाते. आपण नव्याने व्यवस्था उभारत असताना ही चूक सुरुवातीलाच टाळता येईल.

त्यासाठी नवी योजना, नवे नाव, नवा लोगो लागत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची चाळणी असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आधीच आहे. आशा सेविका घरोघरी जाऊन त्याचे अर्ज भरतात. ज्यांना मधुमेह निघाला, त्यांच्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरावीक दिवस ठेवावा. त्या दिवशी पडद्याचा फोटो, लघवीतले अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि रक्तदाब एकाच रांगेत व्हावेत. फोटो जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञाने पाहावेत. पडदा किंवा किडनी यांपैकी एक जरी बिघडलेले निघाले तरी रुग्णाला तारीख देऊन पुढे पाठवावे आणि तो पोहोचला का, हे आशांमार्फत पाहावे.

खासगी डॉक्टरांनीही एवढे करावे: नेत्रतज्ज्ञाने पडद्याच्या रिपोर्टखाली लघवीची तपासणी लिहावी, फिजिशियनने शुगरच्या चिठ्ठीवर पडद्याची. रुग्णाने पुढच्या भेटीत उपाशीपोटीच्या शुगरचा आकडा सांगून झाल्यावर दोन तारखा विचाराव्यात: पडदा शेवटचा कधी पाहिला आणि लघवीतले अल्ब्युमिन कधी मोजले? मधुमेहींच्या सरकारी नोंदवहीतही हे दोन रकाने असावेत, आणि दोन्ही भरलेल्या रुग्णांचा आकडा जिल्ह्याच्या मासिक आढावा बैठकीत आरोग्य अधिकाऱ्यांना विचारला जावा.