करार पवित्र खरा, पण कोणाचा?

ज्यांचा सारा व्यवहार दस्तऐवजावर चालतो, त्या आमच्या व्यापारी वाचकांस करार पाळला गेलाच पाहिजे हें निराळें सांगावयास नको. पण कराराचें मूळच लांचलुचपतीचें असेल तर काय करावें?

१७९५ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानच्या कायदेमंडळानें पश्चिमेकडील सुमारें साडेतीन कोटी एकर जमीन अवघ्या पांच लक्ष डॉलरांस कांहीं कंपन्यांच्या पदरांत टाकली. अनुकूल मत देणाऱ्या बहुतेक सभासदांचे हात ओले झाले होते! लोक खवळले, नवें मंडळ निवडून आलें, आणि १७९६ सालीं त्यानें ती विक्री रद्द केली. तथापि १८१० सालीं सरन्यायाधीश मार्शल यांनीं फ्लेचर विरुद्ध पेक या दाव्यांत निकाल दिला कीं, कायदेमंडळानें करून दिलेली विक्री हाहि करारच होय. ज्यांनीं पुढें ती जमीन निर्मळ मनानें विकत घेतली, त्यांचा हक्क संस्थानास हिरावतां येणार नाहीं.

हा निकाल आम्हांस सर्वस्वीं चुकीचा वाटत नाहीं. १८१९ सालीं मेरीलँडनें काँग्रेसच्या सनदी बँकेवर बसविलेला कर याच न्यायालयानें रद्द ठरविला; १८२४ सालीं न्यूयॉर्कनें दिलेला आगबोटींचा मक्ता मोडला. एका संस्थानाच्या लहरीवर सबंध देशाचा व्यापार अवलंबून राहूं नये, हें त्यांतील मर्म. अमेरिकेची एक बाजारपेठ होण्यास अशा निकालांचें मोठेंच साहाय्य झालें.

परंतु ज्या जमिनीची ती विक्री झाली, तिजवर क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ व चेरोकी लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांस कोणी विचारलें? १८२३ सालीं मार्शल यांनींच ठरविलें कीं, मूळ रहिवाशांस केवळ वहिवाटीचा हक्क; जमीन द्यावयाची ती सरकारासच. १८३२ सालीं चेरोकींच्या मुलखांत जॉर्जियाचा कायदा चालणार नाहीं, असा न्याय्य निकाल झाला खरा. पण तो कागदावरच राहिला, आणि १८३८ सालीं सैन्य लावून ते लोक देशोधडीस लाविले गेले.

मालमत्तेच्या हक्काचे आम्ही कैवारी आहों. म्हणूनच स्पष्ट सांगतों कीं, खरेदीखत दाखविणाऱ्यास जो ओळखतो आणि नांगर धरणाऱ्यास ओळखत नाहीं, तो कायदा अर्धाच कायदा होय. दस्त तपासतांना जमिनीवर कोण उभा आहे, हेंहि न्यायाधीशानें पाहिलें पाहिजे.