परडीची कडी

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या आणि आमच्या कन्येच्या हातून सासूबाईंची फुलांची परडी पडली. परडी शाबूत राहिली, पण वरची बांबूची कडी मधोमध मोडली. सासूबाई आता नाहीत. त्यांच्या महालक्ष्म्यांची फुलं दुसऱ्या कशात काढायला मन घेईना. प्लास्टिकची टोपली पुढे करणाऱ्या ह्यांच्याकडे मी नुसतं पाहिलं!

विष्णुपुरीहून नांदेडला जाऊन बुरूडबाईंना गाठलं. सण तोंडावर, सुपं-टोपल्यांची घाई. त्यांना सवड नव्हती. चार कामट्या मात्र दिल्या आणि म्हणाल्या, "भिजू घाला, मग जाळावर शेकून वाकवा." घरी येऊन मला शहाणपण सुचलं. जाळ कशाला, मायक्रोवेव्ह आहे की! भिजवण्याचं विसरून कोरडी कामटी आत ठेवली. वरून काही दिसेना, पण जळका वास सुटला, आणि वाकवायला गेले तर काडकन मोडली. आतून चक्क काळी!

कारण साधं आहे, बरं का. मायक्रोवेव्हच्या लहरी मुख्यतः पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता होते. लाकडात, बांबूत तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ओल आणि ऊब दोन्ही मिळाली की ते मऊ पडतं, निवलं की पुन्हा घट्ट होतं. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने 1859 साली वाफेवर लाकूड वाकवून जी खुर्ची काढली, ती याच गुणावर. इराण्याच्या हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या आठवतात ना? त्याच घराण्यातल्या!

दुसरी कामटी रात्रभर पाण्यात ठेवली. दहा इंचांची, पातळ, मध्ये गाठ नसलेली. गाठीवर हमखास मोडते. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून एक मिनिट तापवली, चाचपली, आणखी अर्धं मिनिट दिलं. शेजारी पाण्याची वाटी होतीच. तार, खिळा, रंग लावलेली काडी आत अजिबात नको, आणि तिथून हलायचं नाही. हातात जाड फडकं हवंच, वाफ चांगली चटका देते.

बाहेर काढल्यावर गप्पा नाहीत! काही क्षणांतच ती पुन्हा ताठते. चकचकीत पाठ बाहेरच्या अंगाला ठेवून पितळी डब्याभोवती सावकाश वाकवली आणि सुतळीने आवळून टाकली. डबा हवा त्यापेक्षा थोडा लहान घ्यावा, कारण सोडल्यावर कामटी जराशी उलगडतेच. दोन दिवस सावलीत वाळू दिली.

मायक्रोवेव्ह नसेल तर भिजलेली कामटी मोदकपात्राच्या वाफेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. लांब कामटीला तर तेच बरं, पातेलं मोठं घेतलं की झालं.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी कन्येने त्याच परडीतून फुलं आणली. कडी किंचित डावीकडे कलली आहे. ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.