सुटीचा खर्च आणि रजेचा हक्क

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली की महाराष्ट्रातील घराघरांत तीन प्रकारचे हिशेब सुरू होतात. पहिल्या घरात केरळला जावे की हिमाचलला, की यंदा कर्ज काढून परदेशच पाहून घ्यावा, असा विचार चालतो. दुसऱ्या घरात गावी जाण्यायेण्याचे भाडे, मुलांचे कपडे, म्हाताऱ्या आईच्या हाती ठेवायचे चार पैसे आणि तेवढ्या दिवसांचा बुडणारा रोज यांची बेरीज होते, आणि बहुधा बेरीज पाहून आठ दिवसांचे चार दिवस केले जातात. तिसऱ्या घरात असा हिशेब मांडण्याचा प्रसंगच येत नाही. सुटीवरील खर्च हा वरवर पाहता प्रत्येकाच्या खासगी आवडीनिवडीचा विषय वाटतो. परंतु या तीन घरांतील अंतर आवडीनिवडीतून निर्माण झालेले नाही. ते मिळकतीतून, कायद्यातून आणि शासनाच्या धोरणातून निर्माण झाले आहे, आणि म्हणूनच तो राजकारणाचा विषय आहे.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये व शहरी भागात ६,९९६ रुपये होता. शहरांतील सर्वांत वरच्या ५ टक्के लोकांचा दरडोई खर्च २०,३१० रुपये, तर ग्रामीण भागातील सर्वांत खालच्या ५ टक्क्यांचा १,६७७ रुपये होता. आता चार माणसांच्या कुटुंबाने पाच दिवसांच्या साध्या सहलीवर २५,००० रुपये खर्च करावयाचे ठरवले, असे गृहीत धरू. वरच्या थरातील शहरी कुटुंबाला ही रक्कम दहा दिवसांच्या घरखर्चाहून कमी आहे. सरासरी शहरी कुटुंबाला ती जवळजवळ महिन्याच्या संपूर्ण खर्चाएवढी आहे, सरासरी ग्रामीण कुटुंबाला दीड महिन्याच्या खर्चाएवढी, आणि तळाच्या ग्रामीण कुटुंबाला ती पावणेचार महिने पुरते. सहल एकच, परंतु तिची किंमत घरागणिक अशी बदलते.

दुसऱ्या टोकाला, उदारीकृत धन-प्रेषण योजनेखाली २०२३-२४ या एका वर्षात भारतीयांनी परदेश प्रवासासाठी सुमारे १७ अब्ज डॉलर देशाबाहेर नेले. परकीय चलनाच्या चणचणीचे दिवस संपले हे खरे. परंतु देशाच्या मिळकतीचा कोणता भाग कोणाच्या विश्रांतीसाठी वापरला जातो, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

वरील हिशेबात आणखी एक रकमेची नोंद करावयास हवी, आणि ती पाहणीच्या कोष्टकांत सापडत नाही. पगारदार माणसाच्या सुटीचा खर्च म्हणजे त्याने प्रवासात, निवासात व खाण्यापिण्यात घातलेले पैसे. सुटीच्या दिवसांचा पगार त्याला मिळतच असतो. रोजंदारीवरील माणसाच्या सुटीचा खर्च मात्र दुहेरी आहे. समजा, एखाद्या गवंड्याला दिवसाला ७०० रुपये मिळतात. तो आठ दिवस गावी गेला तर भाड्यातोड्याचा पहिला पैसा खर्च होण्याआधीच त्याचे ५,६०० रुपये गेलेले असतात. बायकोही कामावर जाणारी असेल तर तिचाही रोज यात मिळवावा लागतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही संधीची किंमत. कामगाराच्या भाषेत खाडा. ज्याची मिळकत कमी त्याला सुटी महाग, हा उलटा न्याय भरपगारी रजेच्या अभावातून जन्मतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घरांतच आहे. मालकीणबाई पंधरा दिवस सहलीला गेल्या की घरकाम करणाऱ्या बाईचा पंधरा दिवसांचा पगार कापण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती कामाला यावयास तयार असते, पण दारालाच कुलूप असते. म्हणजे एका कुटुंबाच्या सुटीच्या अंदाजपत्रकातील एक छोटी रक्कम दुसऱ्या कुटुंबाच्या पोटातून वसूल होते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर भरपगारी रजेचीही मागणी पुढे आली होती. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु वर्षाकाठी काही दिवसांची भरपगारी रजा हा घरकामगाराचा सर्वमान्य हक्क आजही झालेला नाही, आणि पुरोगामी म्हणवणारी घरेही याला सरसकट अपवाद नाहीत.

सुटी ही चैन आहे, आधी भाकरीचे पाहा, असे म्हणणारे आपल्या चळवळीतही आहेत. त्यांना कामगार चळवळीच्या इतिहासाचे स्मरण करून दिले पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली, ती भाकरीचा प्रश्न सुटला होता म्हणून नव्हे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, तेव्हा कामगार दारिद्र्यातच होता. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये लिआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. त्याच वर्षी लिओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने कामगारांसाठी वार्षिक रजेचे ४० टक्के सवलतीचे रेल्वे तिकीट निघाले, आणि लाखो श्रमिकांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. रजा, वेतन आणि प्रवास या तीन गोष्टी एकत्र दिल्या तरच विश्रांतीचा हक्क प्रत्यक्षात उतरतो, हे त्या सरकारने ओळखले होते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमात नियतकालिक भरपगारी सुटीचा समावेश झाला, तो याच विचारातून.

भारतात याची सुरुवात उशिरा झाली, परंतु झाली. १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. श्रमसंहितांना चळवळीचा विरोध आहे व तो योग्यच आहे, परंतु ही एक तरतूद कामगाराच्या फायद्याची आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो तिच्या व्याप्तीचा. दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेर राहतात. कंत्राटी कामगाराच्या सेवेत कागदोपत्री खंड दाखवून दिवस भरूच न देण्याची युक्ती कंत्राटदारांना पाठ आहे. शेतमजूर, नाक्यावरचा मजूर आणि मोबाइलवरील हुकमाने घरोघर माल पोचवणारा तरुण यांच्या बाबतीत रजा म्हणजे उपासच. ऊसतोड कामगारांची कुटुंबे तर वर्षातून चार-सहा महिने घराबाहेर असतात, परंतु तो प्रवास विश्रांतीचा नसून पोटासाठी केलेल्या स्थलांतराचा असतो.

संघटित क्षेत्राला मात्र शासनाने सुटीसाठी हात दिला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत आहे. खासगी नोकरदारांना मिळणाऱ्या रजा प्रवास भत्त्यावर, जुन्या करपद्धतीत, चार वर्षांच्या कालखंडात दोन प्रवासांपुरती प्राप्तिकराची माफी आहे. नव्या करपद्धतीत ती नाही. कर्मचाऱ्यांनी संघटनेच्या बळावर मिळवलेल्या सवलतीबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. परंतु करमाफीचा गुणधर्म असा की ज्याचा कराचा दर जास्त त्याला लाभ जास्त, आणि ज्याची मिळकत करपात्रच नाही त्याला शून्य. एखाद्या हक्काचे तत्त्व एकदा मान्य केले की तो सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत नेण्याची जबाबदारी शासनावर येते. ती जबाबदारी सत्तर वर्षांत कोणत्याही सरकारने उचलली नाही.

उलट, सार्वजनिक प्रवासाची स्वस्ताई कमी होत गेली आहे. काही रेल्वेगाड्यांना २०१६ पासून मागणीनुसार चढणारे भाडे लागू झाले. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने बंद झाली, आणि साथ ओसरल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. एसटीने २०२३ च्या दिवाळीत दहा टक्के हंगामी भाडेवाढ केली व जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १५ टक्के सर्वसाधारण वाढ झाली. खासगी बसगाड्यांचे भाडे एसटीच्या दीडपटीहून अधिक असू नये असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. ऐन हंगामात ही मर्यादा सर्रास ओलांडली जात असल्याच्या तक्रारी दर वर्षी होतात. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना पथकर माफ होतो, त्याचा थेट लाभ मोटार असणाऱ्याच्या खिशात पडतो. एसटीचे तिकीट त्यामुळे स्वस्त होत नाही. गर्दीच्या दिवशी भाडे वाढवणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे असेल. पण कामगाराला रजा मिळते तीच मुळी गर्दीच्या दिवशी. आपल्या सोयीचा स्वस्त दिवस निवडण्याची चैन त्याला नाही.

शासनाने मनात आणले तर काय होते याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. माहेरी जाणे ज्या बाईला वर्षानुवर्षे पुढे ढकलावे लागत होते, तिला या निर्णयाने वाट मोकळी झाली. हा निर्णय कोणत्या पक्षाच्या सरकारने घेतला हे पाहून त्याचे मोल कमी लेखू नये. मात्र सवलतीचा बोजा महामंडळाच्या अंगावर टाकून त्याची देणी थकवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने एसटीच मोडीत काढणे होय.

चळवळीनेही स्वतःकडे पाहण्याची गरज आहे. गेल्या कित्येक वर्षांत कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत रजेपेक्षा रजेच्या रोखीकरणावर भर राहिला. कामगार आपली विश्रांती विकतो आणि त्या पैशांत मुलाची फी भरतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण वेतन अपुरे आहे. परंतु अपुऱ्या वेतनाची भरपाई रजा विकून करणे हा संघटनेने आपला विजय मानता कामा नये.

या हंगामात कार्यकर्त्यांनी तीन मागण्या घेऊन वस्त्यांत जावे. पहिली, घरकामगार, कंत्राटी व लहान आस्थापनांतील कामगारांना वर्षाला निदान पंधरा दिवसांची भरपगारी रजा, आणि तिचा भार जेथे मालक एक नाही तेथे कल्याण मंडळांच्या निधीतून. दुसरी, नोंदणीकृत असंघटित कामगाराच्या कुटुंबाला वर्षातून एकदा एसटी व रेल्वेने सवलतीचा प्रवास, तोही हंगामी भाडेवाढीविना. तिसरी, सार्वजनिक विश्रामगृहांत श्रमिक कुटुंबांसाठी राखीव आणि परवडणाऱ्या खोल्या. याखेरीज चौथी गोष्ट मागणीची नसून आचरणाची आहे, व तिच्यासाठी कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही. पक्षाच्या प्रत्येक सभासदाने आणि सहानुभूतिदाराने आपल्या सुटीचा खर्च मांडताना घरकाम करणाऱ्या बाईच्या त्या दिवसांच्या पूर्ण पगाराची रक्कम सर्वांत आधी लिहावी. तेवढी रक्कम ज्या अंदाजपत्रकात बसत नाही, ती सहल आपल्याला परवडत नाही असे खुशाल समजावे.