प्रवासातील स्पिरिटची शेगडी

समुद्रपूरहून भद्रावतीच्या यात्रेस निघणाऱ्या कुटुंबास स्पिरिटची शेगडी सोयीची वाटते. पत्र्याच्या रिकाम्या डबीपासूनही ती बनते, भांडवल नगण्य. खर्च दडलेला असतो तो इंधनात. किलोभर अल्कोहोलची उष्णता किलोभर स्वयंपाकाच्या गॅसच्या सुमारे ६० टक्केच भरते. शिवाय वर्धा जिल्हा दारूबंदीचा. स्पिरिट बाळगण्याचे नियम आधी विचारून घेतलेले बरे. रेल्वेत तर ज्वलनशील द्रव नेता येत नाही.

धोका याहून मोठा. अल्कोहोलची फिकट निळी ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांची शेगडी नेमकी उजेडातच पेटते. ती विझली असे समजून वरून स्पिरिट ओतले, तर आग धारेवरून थेट बाटलीत शिरते. म्हणून झाकण ठेवून ज्योत विझवावी आणि शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच इंधन भरावे. काही स्पिरिटांत मिथेनॉल असते. ते पोटात गेल्यास दृष्टी जाते, प्रसंगी प्राणही. पाण्याच्या बाटलीत स्पिरिट भरण्याची सवय तर अक्षम्यच.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निम्मे पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह तयार केला होता. हातची डबी त्या जातीची नव्हे. एका दिवसाच्या यात्रेस घरच्या दशम्या पुरतात.