विश्लेषण : प्रदूषण कायदा तोच, पण ‘पाणी’ आटले! अमेरिकेत पाणथळ जागांचे संरक्षण का घटले?

अमेरिकेतील जलप्रदूषण कायद्याची कलमे बदललेली नाहीत, दंडही कमी झालेला नाही. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी संघीय सरकारचे हात बांधले गेले आहेत. ते कसे?

कायदा काय सांगतो?

१९६९ मध्ये ओहायोतील कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. त्यानंतर वाढलेल्या जनमताच्या रेट्यामुळे १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडीत काढून काँग्रेसने ‘क्लीन वॉटर ॲक्ट’ मंजूर केला. ‘अमेरिकेच्या जलसाठ्यां’मध्ये परवान्याविना सांडपाणी सोडणे वा भराव टाकणे बेकायदा ठरले. बहुतेक राज्यांत सांडपाण्याचे परवाने राज्य यंत्रणाच देते. मात्र, राज्याने डोळेझाक केल्यास पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजेच ‘ईपीए’ थेट कारवाई करू शकते.

वाद कशावरून?

‘अमेरिकेचे जलसाठे’ म्हणजे नेमके कोणते, हे कायद्यात स्पष्ट नाही. आयडाहोतील प्रीस्ट लेकजवळ एका दाम्पत्याने घरासाठी भूखंडावर भराव टाकला. ही पाणथळ जागा असल्याचे सांगत ईपीएने २००७ मध्ये ती पूर्ववत करण्याचा आदेश दिला. अन्यथा दिवसाला ४० हजार डॉलरहून अधिक दंडाचा इशाराही दिला. या ‘सॅकेट’ खटल्याचा अंतिम निकाल मे २०२३ मध्ये लागला. हा भूखंड कायद्याच्या कक्षेत येत नाही, यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. निकष मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी ठरला : नदी वा तलावाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली पाणथळ जागाच संरक्षणास पात्र.

मग अडचण काय?

पाणी केवळ पृष्ठभागावरून वाहत नाही. मधे बांध किंवा रस्ता असला तरी ते जमिनीखालून झिरपते. पाणथळ जागा पुराचे पाणी धरून ठेवतात, शेतातून वाहून येणारे नायट्रोजन रोखतात. मिसिसिपी नदी आणि चेसापीक उपसागराच्या परिसरात या निकषाचे परिणाम जाणवतील, असा इशारा न्या. कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र निकालपत्रात दिला होता.

दुसरा निकाल कोणता?

सॅन फ्रान्सिस्कोत पावसाचे पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून जातो. मुसळधार पावसात तो प्रशांत महासागरात सांडतो. समुद्राच्या पाण्याचा दर्जा खालावता कामा नये, अशी अट परवान्यात होती. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने अशी सरसकट अट अवैध ठरवली. शहराने नेमके काय करायचे, हे आता ईपीएलाच परवान्यात लिहून द्यावे लागते. त्यामुळे पालिकांना नियम आधीच कळतील हे खरे. पण सर्व अटी पाळूनही पाणी बिघडले, तर जबाबदार कोण, हा प्रश्न उरतोच.

आता काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ‘जलसाठ्या’ची व्याख्या आणखी आक्रसणारा मसुदा मांडला. त्यात किमान पावसाळी हंगामात सलग पाणी असण्यावर भर आहे. राज्ये स्वतःचे कायदे करू शकतात. कोलोरॅडोने २०२४ मध्ये तसा कायदा केला. पण अनेक राज्ये आजवर संघीय संरक्षणावरच विसंबून होती. वरच्या राज्याने काहीच केले नाही, तर त्याची घाण खालच्या राज्याच्या नळापर्यंत पोहोचू शकते. नदी राज्याची सीमा पाहून थांबत नाही, म्हणूनच तर १९७२ मध्ये देशपातळीवरच्या कायद्याची गरज भासली होती.