पहिली बाई कामाला ठेवताना



गेल्या महिन्यात एका दुपारी आपल्या कार्यालयातली सहकारी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पतसंस्थेतून कर्ज काढायचं होतं, आणि पतसंस्थेनं कामाचा दाखला मागितला होता. "ताई, एक कागद द्या ना, मी इथं कामाला आहे म्हणून." मागणी एवढीच. मी कपाट उघडलं. तिच्या नावाची व्हाउचर निघाली. कुठं 'मानधन', कुठं 'प्रवासखर्च', एका महिन्यात तर चक्क 'किरकोळ'. हजेरीपुस्तक नव्हतं, नेमणूकपत्र नव्हतं. आजवर दुसऱ्यांच्या मालकांना किती नोटिसा लिहिल्या असतील मी! स्वतःच्या संघटनेच्या पहिल्या पगारी बाईसाठी मात्र एक कागद केलेला नव्हता.

हे मी मुद्दाम अग्रलेखात लिहिते आहे. कार्यकारिणीत त्यावर वाद झाला. 'घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला' असंही एकीनं म्हटलं. पण ही एकट्या आपल्या घराची गोष्ट नाही.

आपल्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणीचे धंदे बायकांनी घरच्या चुलीवरून उभे केले. बचत गटातली आपली एक मैत्रीण त्यातलीच. ऑर्डरी वाढल्या तशी तिनं शेजारच्या गल्लीतल्या एका बाईला भाकऱ्या थापायला बोलावलं. तिच्याकडे उद्यम नोंदणी आहे, अन्नपरवाना आहे, चालू खातं आहे. थापणाऱ्या बाईचं नाव मात्र यातल्या कशावरच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, ती माझ्या बहिणीसारखी आहे. तिच्याशी कसला कागद?" तिचं प्रेम खोटं नाही. मात्र बहिणीला पगार विचारता येत नाही, सुट्टी मागता येत नाही, आणि 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं तर दादही मागता येत नाही.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला कामगार कल्याण हा विषय होता. कँटीन, पाळणाघर, कल्याण अधिकारी, सगळं कारखान्याचं. ज्या दुकानात एकच बाई कामाला आहे तिथं काय, हा धडा नव्हता. तो आता नव्यानं शिकते आहे, आणि शिकताना राग येतो आहे.

दुकानाच्या परवान्याला आपण अजूनही 'गुमास्ता' म्हणतो. गुमास्ता म्हणजे मालकाच्या वतीनं काम बघणारा नोकर. परवान्याला नाव नोकराचं, पण तो काढायचा बँकेत खातं उघडायला आणि फ्रेम करून लावायचा मालकाच्या गल्ल्यामागे. तरीही १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं नवा कायदा केला. त्यात दहा किंवा अधिक कामगार असतील तरच नोंदणी. दहाच्या आत असतील तर धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, पावती घ्यायची, संपलं. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा ही त्या कायद्यातली कलमं लहान दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं हा दहाचा आकडा वीसवर न्यायला मान्यता दिली. धंदा करणं सुलभ व्हावं म्हणून, असं कारण दिलं गेलं. कोणाला सुलभ, हे विचारायचं काम आपलं. लक्षात ठेवा, संस्था आणि ट्रस्टचं कार्यालयसुद्धा या कायद्यात आस्थापनाच आहे. म्हणजे ती सूचना आपणही द्यायला हवी होती. आता दिली, उशिरा.

बाकीचे कायदेही आकड्यांनीच बोलतात. कर्मचारी राज्य विमा दहापासून. प्रसूती रजा दहापासून. भविष्य निर्वाह निधी वीसपासून. पहिली बाई या सगळ्या आकड्यांच्या अलीकडे उभी. व्यवसाय कराचं बघा. एका नोकराचाही पगार करपात्र असेल तर मालकाला नोंदणी करून तो कापून भरावा लागतो. पुरुषाला दरमहा साडेसात हजारांच्या वर तो लागतो. बायकांना १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे. माफी चांगलीच आहे, ती हवीच. पण गंमत अशी की नऊ हजारांवर पोऱ्या ठेवला तर त्याची कुठंतरी सरकारदरबारी नोंद होते, आणि त्याच पगारावर बाई ठेवली तर तेवढीही होत नाही.

मग पहिल्या बाईला काहीच नाही का? आहे, आणि तेच नेमकं माहीत नसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता एका कामगाराच्या आस्थापनेलाही लागू आहे. किमान वेतन, समान कामाला समान वेतन, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, कामावरून काढलं किंवा तिनं सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, नोंदवही आणि पगाराची चिठ्ठी. पगार थकल्याचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. भाकरीवाल्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं, की बाई, हा कागद तुझ्याही कामाचा आहे. ती हसली, पण वही विकत आणली.

लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याखाली दहाच्या आतल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. विमा आणि भविष्य निर्वाह निधीत लहान मालकालाही, मालक आणि बहुसंख्य कामगारांची संमती असेल तर, स्वेच्छेनं जाता येतं. कामगार एकच असेल तर बहुसंख्य म्हणजे तीच! शिवाय ई-श्रम कार्ड तिला स्वतःला काढता येतं, त्याला मालकाची परवानगी लागत नाही.

काही जणी म्हणतील, कागद केला की सरकार मागे लागेल, लहान धंद्याला हे परवडत नाही. किमान वेतन परवडत नाही, ही अडचण खरी असू शकते. ऑर्डरीचा भाव ठरवताना थापणाऱ्या हाताची मजुरी आपण धरतच नाही, तिथं बसून हिशेब करायला हवा. पण नेमणूकपत्राला एक कोरा कागद लागतो. याच शहरातल्या विडी कामगार बायकांना विचारा. घरात बसून विडी वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळखपत्र मिळालं की पोरांची शिष्यवृत्ती, दवाखाना या गोष्टींचं दार उघडतं. त्या कार्डासाठी त्या किती भांडल्या आहेत, हे त्याच सांगतील.

आणि 'मानधन' या शब्दाविषयी. अंगणवाडी ताई आणि आशा यांना सरकार पगार न देता मानधन देतं, म्हणून आपण मोर्चे काढले. तोच शब्द आपल्या व्हाउचरवर माझ्याच अक्षरात होता. या महिन्यापासून तिथं 'वेतन' लिहिलं जाईल, आणि किमान वेतनापेक्षा जो फरक पडत होता तो मागचा हिशेब करून तीन हप्त्यांत दिला जाईल, असा ठराव झाला आहे. अंकाची वर्गणी त्यासाठी वाढवावी लागेल का, हे पुढच्या बैठकीत ठरेल.

नेमणूकपत्राचा, हजेरीचा आणि पगारचिठ्ठीचा मराठी नमुना कार्यालयात ठेवला आहे. ज्यांच्याकडे एक जरी बाई कामाला आहे त्यांनी येऊन न्यावा. आपल्या घरी भांडी-धुण्याला येणाऱ्या बाईंचं काय, हा प्रश्न बैठकीत निघाला आणि सगळ्या गप्प झाल्या. त्यावर पुढच्या अंकात लिहायचं आहे, पत्रं पाठवा.

सहकारीचं नेमणूकपत्र मी त्याच संध्याकाळी टाइप केलं आणि तिच्या हाती दिलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं, आणि तारखेवर बोट ठेवलं. मी त्या दिवसाची तारीख घातली होती.

"ताई, मी तर दोन वर्षांमागच्या जूनपासून येतेय."

कागद फाडून दुसरा केला.

— संपादक मंडळासाठी