प्रसिद्धिपत्रक की निमंत्रण?

विदर्भात कारंजा नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एक वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड). श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ते दत्तभक्तांना सुपरिचित आहे. दुसरे वर्धा जिल्ह्यातील, नागपूर-अमरावती महामार्गावरचे कारंजा (घाडगे). ‘कारंजा येथे रविवारी व्याख्यान’ एवढाच मजकूर वृत्तपत्राच्या कचेरीत पोहोचला, तर उपसंपादकाने कोणते कारंजा समजावे? कार्यकर्त्यांनी महिनाभर खपून योजलेल्या कार्यक्रमाची वार्ता कंसातील एक शब्द गळल्याने भलत्याच जिल्ह्याच्या पानावर जाऊ शकते. म्हणूनच प्रसिद्धिपत्रक हे किरकोळ काम समजून शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी गळ्यात टाकणे ही बेफिकिरी होय.

या बेफिकिरीच्या मुळाशी अनेकदा एका थोर संस्काराचा चुकीचा अर्थ असतो. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली ती कोणताही गाजावाजा न करता. प्रसिद्धिपराङ्मुखता हा तेव्हापासून कार्यकर्त्याचा गुण मानला गेला आणि तो योग्यच आहे. परंतु व्यक्तीने प्रसिद्धीपासून दूर राहावे, याचा अर्थ समाजाला कार्याची माहितीच मिळू नये, असा नव्हे. स्वतः डॉ. हेडगेवार १९२४ मध्ये नागपुरातून निघालेल्या ‘स्वातंत्र्य’ दैनिकाच्या कार्यात सहभागी होते. वर्धा जिल्ह्यातील तरोड्यात जन्मलेले मा. गो. वैद्य यांनी नागपूर ‘तरुण भारत’चे संपादकपद भूषविले आणि पुढे संघाचे प्रचारप्रमुख व प्रवक्ते म्हणून कार्य केले. लोकमान्यांनीही ‘केसरी’तून शिवस्मारकाची हाक दिली, ती घरोघरी पोहोचली आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव साजरा झाला. ती हाक स्वतःसाठी नव्हती. प्रसिद्धी आणि आत्मप्रसिद्धी यांतील भेद नेमका हाच आहे.

दुर्दैवाने आज गावोगावची अनेक पत्रके या कसोटीला उतरत नाहीत. निम्मा मजकूर मान्यवरांच्या नामावळीने व्यापलेला असतो. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘न भूतो न भविष्यति’ या विशेषणांची आरास असते आणि कार्यक्रम किती वाजता आहे, हे मात्र शोधावे लागते. असे पत्रक संयोजकांना सुखावते, वाचकाला काहीच देत नाही. पत्रक लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर आणावा तो व्यासपीठावरचा पाहुणा नव्हे, तर संघटनेशी कधीही संबंध न आलेला संत्रा बागायतदार, महाविद्यालयीन विद्यार्थी, घरकाम आटोपून येऊ इच्छिणारी गृहिणी. कार्यक्रम काय, कोणाचा, कधी, कोठे आणि कशासाठी, ही पाच उत्तरे त्यांना पहिल्याच परिच्छेदात मिळाली पाहिजेत. दिनांकासोबत वार हवा. शिवजयंतीसारख्या उत्सवात तर तिथी आणि दिनांक दोन्ही हवेत. कारण शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला, तर तिथीनुसार ती फाल्गुन वद्य तृतीयेला येते. वक्त्याचा परिचय एका वाक्यात द्यावा, नावे शुद्ध लिहावीत, शंका विचारता येईल असा एक दूरध्वनी क्रमांक खाली असावा. सारे एका पानात बसावे आणि ते तालुक्याच्या वार्ताहराकडे किमान आठवडाभर आधी पोहोचावे. आदल्या रात्री पाठविलेल्या पत्रकाला जागा मिळाली नाही, तर दोष वृत्तपत्राचा नसतो.

याहून मोठी कसोटी सत्याची आहे. दोनशे श्रोते अपेक्षित असताना ‘हजारोंची उपस्थिती’ असे लिहिले, की लेखकाला वाटते कार्याचा मान वाढला. प्रत्यक्षात सभागृह पाहून आलेला वार्ताहर पुढच्या वेळी त्याच संस्थेचे खरे पत्रकही संशयानेच वाचतो. ज्या वक्त्याचा होकार आलेला नाही, त्याचे नाव छापणे ही तर समाजाची सरळ फसवणूक होय. विश्वास मिळवायला वर्षे लागतात, तो गमवायला एक अतिशयोक्ती पुरते. राष्ट्रकार्य करणाऱ्यांचे वृत्त वृत्तपत्रे डावलतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नव्हे; परंतु तक्रार करण्यापूर्वी आपण नेमके, निर्दोष आणि वेळेवर लिहिलेले पत्रक दिले होते काय, हा प्रश्न प्रत्येक संयोजकाने स्वतःला विचारला पाहिजे. जी जागा आपण मोकळी सोडतो, ती रिकामी राहत नाही. आपल्याविषयी दुसरेच कोणी तेथे लिहितात, आणि ते आपल्या मनासारखे असेलच असे नाही.

२०२५ च्या विजयादशमीपासून सुरू झालेल्या संघ शताब्दी वर्षासाठी गृहसंपर्क आणि हिंदू संमेलने थेट मंडल-वस्तीपर्यंत नेण्याची योजना आखली गेली. अशा कार्याचे यश महानगरांतील मथळ्यांवर नव्हे, तर कारंजा (घाडगे) सारख्या गावांतील माणसामाणसांवर अवलंबून असते. तेथील एखाद्या तरुण कार्यकर्त्याने चार ओळी नीट, खऱ्या आणि आपुलकीने लिहिल्या, तर आजवर दूर राहिलेला एखादा गावकरी सभागृहाची पायरी चढेल. दारोदार फिरून अक्षता देणारा जितक्या नम्रतेने निमंत्रण देतो, तितक्याच नम्रतेने प्रसिद्धिपत्रक लिहिले गेले पाहिजे. कारण जेथे कार्यकर्ता पोहोचू शकत नाही, त्या उंबरठ्यावर संघटनेच्या वतीने तेच उभे असते.